साळखारची शहाणी बाळं

मुलांनो, आधी एक काम करा. तुमच्या घरातली सगळ्यांत लहान खोली डोळ्यांसमोर आणा. आता तिची खिडकी लावून घ्या. फटींमध्ये चिंध्या कोंबा, म्हणजे वाऱ्याची झुळूकसुद्धा आत शिरणार नाही. कोपऱ्यात एक बाज टाका, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवा, निखाऱ्यांवर मूठभर ओवा आणि बाळंतशोपा टाका. धूर डोळ्यांना झोंबेल, थोडा वेळ सोसा. बाजेवर एक आई निजली आहे आणि तिच्या कुशीत तान्हं बाळ आहे. दिसलं? आता कान द्या. ते बाळ रडतंय का?

रडत नाही. गोष्ट तिथूनच सुरू होते.

ही गोष्ट अजून घडलेली नाही. तुम्ही मोठे होऊन आपल्या मुलांना शाळेत सोडायला जाल, त्या सुमाराची ती आहे. साळखार नावाचं खाडीकाठचं गाव. तोवर समुद्र बराच वर सरकला होता. उधाणाच्या भरतीपुढे जुने बांध टिकेनात. ते फुटले, भाताच्या शेतांत खारं पाणी शिरलं आणि तिथंच राहिलं. त्या साचलेल्या पाण्यात बारा महिने डास होत, आणि डासांच्या पाठोपाठ हिवताप येई. पूर्वी पावसाळ्यानंतर येणारा हा पाहुणा आता घरचाच झाला होता. गोधड्यांवर गोधड्या घेऊनही माणसं कुडकुडत. काही उठत, काही उठत नसत.

मग एका प्रयोगशाळेत ‘पहारा’ तयार झाला.

पहारा म्हणजे भिंतीवर फवारायचं औषध. डासांसाठी फवारणी आधीही होत असे, पण ती काही महिन्यांत विरून जाई. पहाऱ्यातलं औषध मेणाच्या कुपीत बंद केलेलं होतं. कुपी केवढी? पिठाच्या एका कणात अशा कितीतरी मावतील एवढी. डासाच्या पायांवरही मेणाचा पातळ थर असतो. तसा पाय कुपीला लागला की मेणाला मेण चिकटे, कुपी फुटे आणि औषध डासाच्या अंगात उतरे. माणसानं भिंतीवरून हात फिरवला तर कुपी जशीच्या तशी राही. डास येईपर्यंत त्या सगळ्या कुप्या भिंतीला चिकटून नुसत्या वाट पाहत बसत. एक वर्ष, दोन वर्षं, कितीही.

साळखारात घरोघरी फवारणी झाली. मागोमाग यंत्र घेऊन माणसं आली आणि खोल्याखोल्यांतली हवा तपासून गेली. दारांवर निळ्या रंगात एक खूण आणि फोन नंबर उमटला. आणि हिवताप गेला. खोटं कशाला बोला, खरंच गेला.

त्यानंतरच्या थंडीत मितालीला भाऊ झाला.

मिताली अकरा वर्षांची होती. तिची आई, प्रणाली, बाळंतपणाला माहेरी आली होती. बाबा लांब समुद्रात बोटीवर कामाला. माहेरच्या घरात आईची थोरली बहीण होती, नंदामावशी. बाळाचा जन्म तालुक्याच्या दवाखान्यात झाला, पण घरी आल्याबरोबर मावशीनं मायलेकरांना आतल्या खोलीत नेलं आणि दार ओढून घेतलं. बाळंतिणीला वारं लागू नये. सव्वा महिना शेक, धुरी आणि अंगाला तेल. आत जायचं फक्त घरच्या बायकांनी आणि मितालीनं.

ही रीत गावात सगळेच पाळत, पण मावशीइतकी कडक कुणी नाही. तिला चिमी नावाची मुलगी होती. पहारा येण्याच्या आदल्या वर्षी ती हिवतापानं गेली. मच्छरदाणीला बोटभर भोक पडलं होतं, उद्या शिवू म्हणता म्हणता राहून गेलं. तेव्हापासून मावशीला घरातली कुठलीही फट बघवत नसे.

बाळ गुटगुटीत होतं. दूध प्यायचं, पण मध्येच थांबायचं, आपण काय करत होतो ते विसरून गेल्यासारखं. मग आढ्याकडे बघत राहायचं. भूक लागली तरी रडायचं नाही. दुपटं ओलं झालं तरी नाही. कधीकधी त्याची बोटं मात्र आपोआप थरथरायची, खाडीच्या पाण्यावर वारा सुटावा तशी. शेजारणी दाराबाहेरून म्हणायच्या, किती गो शहाणं बाळ. आमचंसुद्धा अगदी असंच.

खरंच, सगळ्यांची तशीच होती. त्या वर्षी साळखारात बरेच पाळणे हलत होते. तिन्हीसांजेला तान्ही बाळं किरकिरतात, हे जगात कुठंही जा, सारखंच. साळखारात मात्र दिवेलागणीला घराघरांतून पाळण्याच्या कड्यांची कुरकुर तेवढी ऐकू यायची. कुर्र, कुर्र, कुर्र. त्यात बाळाचा आवाज कुठंच नसायचा.

नाही म्हणायला एक बाळ रडायचं. मिठागराच्या कडेला सोमी वाघमारे राहत होती. चार बांबू, वर ताडपत्री, एवढंच तिचं घर. फवारणीवाले तिथून हात हलवत परत गेले होते. फवारायला भिंतच नव्हती. तिचं पोर रडायला लागलं की सारं गाव डोक्यावर घ्यायचं, आणि मावशी नाक मुरडून म्हणायची की त्या सोमीच्या पोराला काही वळणच नाही.

एके दिवशी मितालीनं गंमत म्हणून भावाच्या कानाशी टाळी वाजवली. दाराशी बसलेलं मांजर दचकून परसात पळालं. बाळ हललंसुद्धा नाही. त्याला ऐकू येत नाही की काय, असं तिच्या मनात आलं, तेवढ्यात त्याचे डोळे वळले. टाळी केव्हाच विरून गेली होती. पण एक सबंध श्वास घेऊन सोडावा इतक्या उशिरानं ते डोळे सावकाश, सावकाश तिच्या हातांकडे आले आणि तिथंच थांबले.  पुन्हा टाळी वाजवायचं तिनं धाडस केलं नाही.

मग त्या डासाचं झालं. निखारे आणायला दार उघडलं तेव्हा तो आत शिरला. मितालीच्या डोळ्यांसमोर तो दारातून सरळ बाळाच्या कपाळावर उतरला, रक्त प्यायला, फुगून लाल झाला, वीतभर उडाला आणि दुपट्यावर पडला. पाय एकदा आखडले, संपलं.

“बघितलंस?” मावशी कौतुकानं म्हणाली. “आमच्या राजाला हात लावायची कुणाची टाप नाय.”

 मिताली एकाच गोष्टीचा विचार करत होती. ह्या डासाचा पाय भिंतीला लागलाच नव्हता.

आईला दूध भरपूर येई. जास्तीचं दूध ती वाटीत काढून ठेवायची. आईचं दूध कुठंही फेकायचं नाही, कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नाही, झाडाच्या मुळाशी घालायचं, अशी तिकडची रीत. ते काम मितालीकडे होतं. ती रोज परसातल्या शेवग्याच्या मुळाशी वाटी रिकामी करायची आणि मागं न बघता खेळायला पळायची.

डासाच्या दुसऱ्या दिवशी ती पळाली नाही, तिथंच उकिडवी बसली. आईचं दूध चांगलंच गोड असतं, मुंग्यांना लगेच वास लागतो. त्या आल्या. ओल्या मातीभोवती गोल करून पिऊ लागल्या. आणि एकही परत गेली नाही. तेव्हा कुठं मितालीचं लक्ष खालच्या मातीकडे गेलं. शेवग्याच्या बुंध्याभोवती काळ्या रंगाचं एक कडं होतं. ते मातीचं असेल असं तिला आधी वाटलं. तिनं काडीनं उकरलं. ते सगळं मुंग्यांचं होतं.

आता तुम्ही काय केलं असतं? किंचाळत घरात गेला असतात? मितालीलाही तसंच वाटलं. पण तिनं आधी स्वयंपाकघरातून म्हशीचं दूध आणलं आणि थोड्या अंतरावर ओतलं. मुंग्या आल्या, प्यायल्या, ओळीनं निघून गेल्या.  पण म्हैस वेगळी आणि बाई वेगळी. दुसऱ्या बाईचं दूध पाहिल्याशिवाय काही म्हणता येत नव्हतं. गावातल्या शहाण्या बाळांच्या आया तिला नको होत्या. तिला रडणाऱ्या बाळाची आई हवी होती.

ती मिठागरावर गेली, वाटी पुढं केली आणि जमिनीकडे बघत आपलं मागणं सांगितलं. सोमी पोट धरधरून हसली.

“एवढी घोडी झालीस आन् दूध मागतंस? दात पडले काय गो तुझे?”

मितालीनं मुंग्यांचं सांगितलं. सोमीचं हसू मावळलं.  ती पाठ फिरवून बसली आणि तिनं वाटी भरून दिली.

सोमीचं दूध प्यायलेल्या मुंग्या धडधाकट वारुळात परत गेल्या.

मिताली शेवग्याखाली खूप वेळ बसून राहिली. आतून मावशीच्या बोलण्याचा आवाज येत होता, आई हसत होती. बाळ थोड्या वेळानं पुन्हा दूध पिणार होतं. आईला सांगायचं तरी कसं, आणि न सांगून तरी कसं चालेल? शेवटी ती घरापुढे गेली आणि दारावरचा निळा नंबर बघून आईच्या फोनवरून फोन लावला. आमच्या घरी मुंग्या मरतात, असं तिनं सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला की त्यात काळजीचं काही नाही, बाळ. तेव्हा ती म्हणाली, आईचं दूध पिऊन मरतात. पलीकडच्या माणसानं लगेच गावाचं आणि घराचं नाव विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर फरीदा मुकादम आल्या. पहारा तयार करणाऱ्यांपैकी त्या एक. त्यांनी शेवग्याखालचं कडं पाहिलं, चिमूटभर माती डबीत घेतली आणि आतल्या खोलीकडे वळल्या. उंबऱ्यावर पाय रोवून नंदामावशी उभी होती. ही बाळंतिणीची खोली आहे, तिनं सांगितलं, इथं परकं माणूस येत नाही. ते यंत्रवालेसुद्धा दारातूनच परत गेले होते, तेव्हा आत शेजारची वनिता, तिच्या घरी जागा नव्हती म्हणून, बाळंतपणाला ठेवलेली होती.

“दारातूनच?” मुकादमबाईंनी विचारलं. “आणि बाकीच्या घरांतून?”

मावशीला ह्यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. फवारणीसाठी डासांच्या धाकानं बाळंतिणींना तेवढ्यापुरतं बाजूला हलवलं होतं, पण नुसत्या तपासणीसाठी बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष कोण येऊ देईल? कुठल्याच घरानं येऊ दिला नव्हता. मुकादमबाईंचा चेहरा उतरला. गावातली बाकीची प्रत्येक खोली त्यांच्या माणसांनी तपासली होती. राहिल्या होत्या त्या तेवढ्याच, जिथं बाळं होती.

त्यांनी मावशीला मुंग्यांचं आणि दुधाचं सांगून विनवलं. मावशी हलेना. तुमच्या औषधानं घर वाचलं, तुमचे उपकार आहेत, पण हे दार मी उघडं टाकणार नाही, म्हणाली. डास काय करतो ते तुम्ही कागदावर वाचलंय, मी मांडीवर पाहिलंय.

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. ती सगळं ऐकत होती.

“मितू, माझ्या दुधात काय हाय गो?”



“तुझ्यात काय नाय, आई,” मिताली म्हणाली. “भिंतीत हाय. सोमीच्या घराला भिंत नाय.”

मावशीनं एकदा मितालीकडे पाहिलं, एकदा शेवग्याकडे. मग तिचा पाय उंबऱ्यावरून मागं सरकला.

मुकादमबाई आत गेल्या आणि बाजेपाशी वाकून भिंतीला हात लावला. भिंत तापली होती. शेगडी रात्रंदिवस तिच्याजवळच धगधगत होती. मेण डासाच्या पायानं फुटतं, तसं उष्णतेनंही वितळतं, हे त्यांना ठाऊक होतं. उन्हानं भिंत किती तापते ते त्यांनी मोजलं होतं. शेगडीचा विचार कुणाच्या मनातही आला नव्हता. वितळलेल्या कुप्यांमधलं औषध त्या कोंदट हवेत पसरत होतं आणि जायला वाट नसल्यामुळे आईच्या श्वासात आणि तेल चोपडलेल्या अंगावर उतरत होतं.

तिथून दुधात कसं गेलं? एक प्रयोग करून बघा. अर्धी वाटी पाण्यात चिमूटभर हळद टाका. ती नीट विरघळणार नाही, तळाशी बसेल. आता दुसऱ्या वाटीत गोडं तेल घेऊन त्यात टाका. तेल पिवळंजर्द होईल. काही पदार्थ असेच असतात, त्यांना पाणी नको असतं, स्निग्ध काहीतरी हवं असतं. ते अंगात गेले तर लघवीवाटे सहज बाहेर पडत नाहीत, चरबीत जाऊन दडून राहतात. आणि आईचं शरीर दूध तयार करताना ह्याच चरबीला हात घालतं, कारण बाळाला वाढायला स्निग्धांश लागतो. म्हणजे आई प्रेमानं जे देते, त्याच वाटेनं ते औषधही निघतं. आईचं अंग त्यातून हळूहळू मोकळं होतं. बाळाचं भरत जातं. मोठ्या माणसाला कळणारही नाही एवढं थोडं औषध असलं, तरी वीतभर बाळाच्या कोवळ्या मज्जातंतूंना ते झोपवून ठेवतं.

मुकादमबाईंनी हे सगळं आईला समजावून सांगितलं. दूध कायमचं तोडायचं नाही, त्यासारखं दुसरं काही नाही, हे तीनतीनदा सांगितलं. खोली सोडायची, शेगडी विझवायची, भिंती खरवडून काढायच्या. आईनं दूध काढून टाकत राहायचं, म्हणजे साठलेलं औषध निघून जाईल. तोवर बाळाला दुसरं दूध द्यायचं. आईनं एकच गोष्ट विचारली, हा जागा होईल ना? मुकादमबाई खोटं बोलल्या नाहीत. त्याच्या रक्ताचे नमुने तपासू, म्हणाल्या, पण औषध उतरल्यावर तो कसा असेल ते आज कुणालाच सांगता येणार नाही. मितालीनं त्यांना डासाचंही सांगितलं होतं, म्हणून तिच्याकडे बघून म्हणाल्या, औषध उतरलं की नाही, ते आमच्या यंत्राआधी तुझ्या डासाला कळेल.

त्या संध्याकाळी नंदामावशी एकटी मिठागरावर गेली. सोमीशी ती काय बोलली ते कुणालाच ठाऊक नाही. परत आली तेव्हा सोमी तिच्याबरोबर होती, कडेवर तिचं पोर नेहमीसारखं बोंबलत होतं. सोमी पडवीत बसली, आपलं पोर तिनं मितालीच्या हातात दिलं आणि प्रणालीचं बाळ पदराखाली घेतलं. मावशीनं स्वतः तिच्यासाठी चहा केला.

गावातल्या सगळ्या घरांतून शेगड्या बाहेर आल्या. पत्र्यांनी भिंती खरवडल्याचा आवाज दिवसभर येई. खाटा पडव्यांमध्ये आल्या, त्यांच्यावर मच्छरदाण्या चढल्या. आणि साचलेल्या पाण्यावरून डास परत आले. त्यांची गुणगुण पहिल्यांदा ऐकली त्या दिवशी मावशी जेवली नाही. ती रोज दुपारी बाळाची मच्छरदाणी मांडीवर घेऊन सुईदोऱ्यानं शिवत बसायची. मच्छरदाणी कोरी होती, तिला एकही भोक नव्हतं.

आईचं दूध आता राखेच्या खड्ड्यात जात होतं. ते ओतताना ती तोंड फिरवायची. थोडंसं मात्र मिताली शेवग्याकडे नेई. आधी सगळ्या मुंग्या मेल्या. पुढं काही मेल्या, काही लडबडत घरी गेल्या. आणि एक दिवस असा आला की सगळ्या ओळीनं परत गेल्या. तपासणीतही दूध चांगलं आलं. त्या दिवशी आईनं बाळाला पुन्हा अंगावर घेतलं.

बाळ मात्र तसंच होतं. पोटभर प्यायचं आणि आढ्याकडे बघायचं. दिवेलागणीला पाळणा कुरकुरायचा. शेजारच्या घरांतून एखादं बाळ आता बारीक आवाजात किरकिरू लागलं होतं. मितालीच्या घरच्या पडवीत सगळी माणसं हातातलं काम थांबवून ते ऐकायची.

अशाच एका तिन्हीसांजेला मावशी बाळाचं दुपटं बदलत होती. तेवढ्यापुरतं त्याला मच्छरदाणीच्या बाहेर काढलं होतं, मिताली शेजारी कंदील धरून बसली होती. कुठूनसा एक डास आला आणि बाळाच्या मांडीवर उतरला.

मावशीचा हात वर गेला. मितालीनं तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

“थांब, मावशी. पिऊ दे त्याला.”

मावशीनं तिच्याकडे असं पाहिलं की मितालीला भीती वाटली. जोर लावला असता तर मनगट सुटलं असतं. मावशीनं जोर लावला नाही. तिनं डोळे मिटून घेतले आणि ओठांतल्या ओठांत चिमीचं नाव घेतलं.

डास प्यायला. त्याचं पोट फुगलं, लाल झालं. मग तो उठला. वीतभर वर आला. पडला नाही. हातभर वर आला, तरीही पडला नाही. जड अंगानं पण सरळ, तो कंदिलाच्या उजेडातून पडवीच्या कडेकडे निघाला.

तेव्हा मितालीनं मावशीचं मनगट सोडलं, उडी मारली आणि दोन्ही तळहातांनी सारी ताकद लावून टाळी वाजवली.

बाळाचे दोन्ही हात एकदम हवेत उडाले. ते दचकलं होतं. त्याच क्षणी, टाळीबरोबरच. तोंड आक्रसलं, लाल झालं, आणि त्यातून असा काही टाहो फुटला की आतून आई हातातलं ताट टाकून धावत आली आणि लांब मिठागरावर सोमीच्या पोरानं त्याला जबाब दिला.

मितालीनं तळहात उघडला. मधोमध भावाच्या रक्ताचा ठिपका होता. तो तिनं आईला दाखवला, मावशीला दाखवला. मावशीच्या मांडीवरून भावाला उचलून मच्छरदाणीत ठेवलं आणि चारी कडा घट्ट खोचल्या. ताप आला तर लगेच रक्त तपासायचं, हे मावशीला दोनदा बजावलं. मग ती जाळीपाशी गुडघे टेकून बसली, आणि त्याचं रडणं कमी होतंय असं वाटताच तिनं आणखी एक टाळी वाजवली.